व्याहीभेटीपुरती कंबर

औरंगपुऱ्यातल्या त्या अरुंद जिन्याचा कठडा इतका हलत होता, की चढणाऱ्यानेच त्याला आधार द्यावा. रामकिसन तो धरून एकेक पायरी चढत होता. प्रत्येक पायरीवर त्याच्या कंबरेतून एक कळ निघे, डाव्या मांडीपर्यंत जाई आणि तिथे जरा टेकून परत फिरे. वर पोहोचल्यावर त्याने टोपी नीट केली, चेहऱ्यावरची वेदना उपरण्याने पुसली आणि डॉक्टर शगुफ्ताबाईंच्या दवाखान्याचे दार ढकलले. समोरच्या बाकावर काकासाहेब बसलेले होते.

दवाखान्यात माणूस भेटावा यात नवल नाही. पण ज्या एका माणसापासून आपली कंबर लपवायची, नेमका तोच कंबरेच्या दवाखान्यात भेटावा, याला काय म्हणायचे? काकासाहेब रामकिसनचे होणारे व्याही होते. त्यांचे क्रांती चौकाजवळ खते-औषधांचे दुकान होते. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. त्यांच्या मुलाला रामकिसनची शारदा दिलेली होती. सुपारी फुटली होती आणि तिथी वैशाखातली धरली होती.

दोन्ही घराण्यांच्या भावकीत एक जुनी रीत होती. व्याहीभेटीला दोन्ही व्याह्यांनी गळाभेट घ्यायची आणि भर मांडवात एकमेकांना जमिनीवरून उचलायचे. आधी मुलाच्या बापाने, मग मुलीच्या. कोणी किती उंच उचलले याची चर्चा जेवणाच्या पंगतीत सुरू होई आणि नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरे. ज्याला उचलणे जमले नाही, त्याची तर गत विचारूच नये. रामकिसनचा चुलतभाऊ फकिरा आपल्या व्याह्याला मिठी मारून नुसताच घामाघूम झाला होता. त्याला वीस वर्षे लोटली, तरी कोणाच्या घरी तो पाण्याचा हंडा उचलायला गेला, की बायका लगबगीने म्हणत, “राहू द्या भाऊजी, तुम्हाला नाय झेपायचा.”

सुपारीच्या दिवशी काकासाहेब पन्नास माणसांत म्हणाले होते, “व्याही, लग्नाला टोपी घट्ट बसवून या. असा उचलणार हाय मी, का मांडवाचं कापड डोक्याला लागंल!” सारे हसले होते. रामकिसनही हसला होता. पण चहाचे ताट घेऊन उभ्या असलेल्या शारदेने मान खाली घातली, ते त्याने पाहिले होते. त्याच आठवड्यात अद्रकीचे पोते ट्रॉलीत टाकताना त्याच्या कंबरेत काहीतरी चमकले आणि तो पोत्यासकट खाली बसला. मांडवात आपण व्याह्याला मिठी मारून घामाघूम उभे आहोत आणि पोरगी नवरीच्या खोलीच्या दारातून पाहते आहे, हे दृश्य तेव्हापासून त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

“राम राम, व्याही!” काकासाहेब बाकावरून उठू गेले, अर्ध्यावर थांबले आणि जणू उठायचे नव्हतेच अशा थाटात परत टेकले. “इकडं कुणीकडं?”

“मी... बैलाचं औषध घ्यायला आलतो. जिना चुकला वाटतं,” रामकिसन म्हणाला. “अन् तुम्ही?”

“शेजाऱ्याला घेऊन आलो. बिचाऱ्याची कंबर पार कामातून गेली.”

“मंग शेजारी कुठंय?”

“आत हाय. लई कण्हायलाय.”

दोघांनी आतून कण्हण्याचा आवाज येतो का म्हणून कान दिला. आत सामसूम होती. तेवढ्यात पडदा सरकला आणि डॉक्टर शगुफ्ताबाई बाहेर आल्या. वय तिशीचे, डोक्यावर ओढणी, डोळ्यांत हसू. त्या म्हणाल्या, “काकासाहेब, चलो, पट्टा काढा, कालचा शेक बाकी आहे. आणि पिशोरचे रामकिसन कोण? तुम्हीच का? फोन केला होता ना, कमर धरली म्हणून?”

काकासाहेबांनी सदऱ्याखालचा पट्टा सोडायला घेतला.

“चला व्याही,” काकासाहेब शेवटी म्हणाले, “शेजारी अन् बैल एकदमच आत जाऊ.”

आत दोन पलंग आणि मधोमध एक हिरवा पडदा होता. पडद्याने नजर अडत होती, आवाज अडत नव्हता. डॉक्टरबाईंनी रामकिसनला वाकवून पाहिले, पाय उचलायला लावले, पाठीचा एकेक मणका बोटांनी चाचपला. हाडाला काही झालेले नाही, कंबर घाबरली आहे आणि तिला पुन्हा काम शिकवायचे आहे, असे त्यांनी सांगितले.

“चाचा, बरे होऊन काय करायचंय तुम्हाला? नेमकं सांगा. त्या हिशेबाने कसरत ठरते.”

रामकिसनने पडद्याकडे पाहून आवाज अगदी खाली आणला. “एक पोतं उचलायचंय मॅडम. वैशाखात.”

“केवढं?”

“ऐंशी किलोचं असंल. कोट घालून येतंय.”

डॉक्टरबाईंनी ओठ दाताखाली धरले. “अल्ला! काल या पडद्यापलीकडच्यांनीही मला असंच एक पोतं सांगितलं. त्यांचं साठ किलोचं होतं आणि टोपी घालून येणार होतं.”

पलीकडचा पलंग जोरात करकरला.

रामकिसनला तीन कसरती मिळाल्या: पाठीवर पडून गुडघे मोडून कंबर वर उचलायची, हातागुडघ्यांवर येऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांबवायचा, आणि रोज चालायचे. पहिल्या दोन दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दर आठवड्याला थोड्या वाढवायच्या. महिन्याभराने एक पिशवी घ्यायची, तीत थोडी अद्रक भरून गुडघे वाकवून उचलायची, आणि ती पिशवी आठवड्या-आठवड्याने जड करत न्यायची. मग डॉक्टरबाई पडद्यापलीकडे गेल्या. काकासाहेबांना त्याच कसरती मिळाल्या, पाच-पाच वेळा, दिवसातून एकदाच.

“पाच?” पडद्यापलीकडून आवाज आला. “अन् त्यांना?”

“त्यांना दहा.”

“म्हणजे मुलीकडच्याला दहा अन् मुलाकडच्याला पाच? डॉक्टरीणबाई, कोणत्या गावची पद्धत ही?”

“काका, हे मानपानाचं ताट नाही. ते आयुष्यभर शेतात राबलेत. तुम्ही वीस बरस गल्ल्यावर बसलात. तुमच्या कमरेला पाचच आज झेपतात. पुढे वाढवू.”

“वाढवायचे तर आत्ताच वाढवा. त्यांच्यापेक्षा एक तरी जास्ती द्या. अकरा करा, शुभ आकडा हाय.”

“दुकानात शेतकरी येतो तेव्हा तुम्ही काय सांगता? पंपाला दोन झाकणं औषध म्हणजे दोनच. चार टाकली तर?”

“पीक करपतं,” काकासाहेब नाइलाजाने म्हणाले.

“आणि अर्धंच झाकण टाकलं तर?”

“किडा हसतो.”

“बस. कसरतही दवाच आहे. कमी घेतली तर असर नाही, जास्ती घेतली तर कमर रुसते.”

हे बोलणे दोघांनीही ऐकले आणि दोघांनाही पटले, दुसऱ्याच्या बाबतीत. जिना उतरताना काकासाहेबांनी रामकिसनच्या खांद्यावर हात टाकला. त्यात प्रेम किती आणि आधाराची गरज किती, हे सांगणे अवघड होते. “डॉक्टरीणबाई पोरसवदा हाय. तिला घराण्याची रीत काय ठाऊक? तुम्ही मुलीकडचे, तुमचा आकडा माझ्यावर जायला नको. मी रोज संध्याकाळी फोन करत जाईन.”

आणि ते खरेच करू लागले. दिवेलागणीच्या सुमारास, पिशोरच्या ओसरीवर बायको द्वारकाबाई वाती वळत असताना रामकिसनचा फोन वाजे.

“किती झाले, व्याही?”

“दहा.”

“माझे वीस!”

रामकिसन फोन ठेवी आणि छताकडे पाही. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाच्या एक पायरी खाली राहावे, हे त्याच्या अंगात इतके मुरले होते, की पहिले आठ दिवस त्याला त्या आकड्याने समाधानच वाटले. पण नवव्या दिवशी आकडा तीस झाला आणि पुढच्या आठवड्यात चाळीस. मग त्याच्या मनात निराळाच हिशेब उभा राहिला. व्याही रोज चाळीस वेळा कंबर उचलतो आहे. वैशाखापर्यंत त्याची कंबर नांगराच्या फाळासारखी होणार. तो आपल्याला मांडवाच्या कापडापर्यंत नेणार आणि नंतर आपण त्याला मिठी मारून, फकिरासारखे...

“आवो, कामून असं बसलात?” द्वारकाबाईने विचारले.

“व्याही चाळीस करायलेत.”

“करू द्या की! तुम्हाला बाईनं दहा सांगितले ना?”

“आता दहाचे बारा झालेत. पण त्यानं काय व्हतंय? शेजारच्यानं दोन गोणी युरिया टाकला अन् आपुन एकच टाकला, तर पीक कुणाचं हिरवं दिसतं?”

“मागच्या साली तुम्ही दोन गोणी टाकल्या व्हत्या. मका नुसता उंच वाढला अन् एका वाऱ्यात आडवा झाला,” द्वारकाबाई वातीवरून नजर न काढता म्हणाली.

पण रामकिसनचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यामागच्या ओट्यावर घोंगडी अंथरून त्याने चाळीस वेळा कंबर उचलली. संध्याकाळी पुन्हा चाळीस. हात-पाय लांबवताना एकदा तोल जाऊन तो वैरणीत पडला आणि म्हशीने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याला तिचीही लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्याने पन्नास गाठले. महिन्याने घ्यायची पिशवी त्याने त्याच दिवशी काठोकाठ भरून उचलली. चौथ्या दिवशी सकाळी त्याला अंथरुणावरून उठता येईना. कंबर अशी धरली होती, की शिंक आली तरी घरच्यांना आधी हाक मारावी लागे. पुतण्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आडवा होऊन तो औरंगपुऱ्याला पोहोचला, आणि जिना चढायला त्याला इतका वेळ लागला, की डॉक्टरबाई स्वतःच खाली उतरल्या.

“किती केले?” जिन्यातच त्यांनी विचारले.

“बारा.”

“चाचा, खरं सांगा.”

“पन्नास. पिशवी बी उचलली.”

डॉक्टरबाई रागावतील असे त्याला वाटले होते. पण त्या त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. “सारं बंद करून झोपावंसं वाटत असेल ना? झोपायचं नाही. हळूहळू चाला. दोन दिवसांनी पाच करा. दुखलं म्हणून शून्यावर जायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून पन्नासावर जायचं नाही. मग पुन्हा सहा, आठ, दहा. वैशाखाला अजून वेळ आहे. कमर माफ करते. तिला रोज थोडं थोडं भेटत राहिलं पाहिजे.”

रामकिसन गावी परतला, तो मनाने पार खचून. पाच! ज्या आकड्यावर व्याही रुसला होता, त्या आकड्यावर तो स्वतः येऊन पडला होता. त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्याने तो घेतलाच नाही. शेवटी द्वारकाबाईने घेतला. पलीकडून काकासाहेबांऐवजी विहीणबाई मनकर्णाबाईंचा आवाज आला. मानपानाच्या साड्यांबद्दल त्यांना काही विचारायचे होते. साड्या झाल्या, पातळे झाली आणि मग द्वारकाबाईने सहज म्हणून विचारले, “व्याह्यांची कंबर काय म्हणतीय? चाळीसच्या वर गेले म्हणं.”

“काय चाळीस?” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“कसरती वो.”

मनकर्णाबाईंना असे हसू फुटले, की फोन कानापासून लांब धरूनही ते ओसरीभर ऐकू आले. “अगं बाई! आमच्या ह्यांनी सतरंजी अजून गुंडाळीतून काढली नाय. दुकानातून येतात, खुर्चीत बसतात, पाय स्टुलावर ठेवतात अन् तुमच्याकडं फोन लावतात. मला वाटलं, चाळीस-पन्नास हे पाहुण्यांच्या पानांचं चाललंय!”

दोन्हीकडच्या विहिणी मग कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या. रामकिसन बाजेवर आडवा होता. आधी त्याला राग आला. मग तोही हसला, पण हसल्यावर कंबर दुखली म्हणून थांबला, आणि थांबल्यावर आणखीच हसू आले. त्याच अवस्थेत त्याच्या डोक्यात एक विचार चमकला. तो थोडा दुष्ट होता, हे मान्य करावे लागेल.

दुसऱ्या दिवशी फोन आला. “किती झाले, व्याही?”

“आता काय सांगावं,” रामकिसनने आवाज शक्य तितका ओढला. “माझ्यानं नाय जमत. सोडून दिलं बघा सगळं. आमची कंबर गेलीच म्हणा.”

“अरेरे!” काकासाहेबांच्या आवाजात इतका आनंद होता, की तो दुःखाच्या शब्दात मावेना. “माझे आज साठ झाले.”

“तुमची बातच न्यारी. तुमच्यावाणी चिकाटी आमच्यात नाय.”

त्या दिवसापासून काकासाहेबांनी खोटे आकडे सांगण्याचे कष्टही कमी केले. शत्रूने शस्त्र खाली ठेवल्यावर खोट्या तलवारीला तरी धार कशाला लावायची? फोन एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्याने. काकासाहेब खुर्चीत निवांत बसले आणि त्यांची कंबर त्यांच्यासारखीच बसून राहिली. इकडे गोठ्यामागे, म्हशीच्या साक्षीने, पाचाचे सहा झाले, सहाचे आठ, आठाचे दहा. फाल्गुनात पिशवी आली. ती रामकिसनने तळाला अद्रकीचे चार तुकडे टाकून उचलली तेव्हा त्याला स्वतःचेच हसू आले. पण तो वाट पाहायला शिकला होता. दर आठवड्याला द्वारकाबाई पिशवीत ओंजळ-ओंजळ वाढवी. पिशवीची गोणी झाली. कधी कळ उठे, तेव्हा तो एक पायरी उतरे आणि दोन दिवसांनी पुन्हा चढे. चैत्र संपताना त्याने अख्खे पोते छातीशी धरून उचलले, तेव्हा द्वारकाबाई म्हणाली, “आता ह्याला कोट घालून बघावा.”

वैशाखात पिशोरच्या माळावर मांडव पडला. काकासाहेब गाडीतून उतरले ते सबंध अंगाने वळत, जणू त्यांची मान आणि कंबर एकाच लाकडातून कोरली होती. कोटाखालून पट्ट्याची जाड कड दिसत होती. बँडवाल्यांनी सूर धरला, व्याहीभेटीची हाक झाली, माणसे खुर्च्यांवर चढली. शारदा नवरीच्या खोलीच्या दारात उभी होती, आणि रामकिसनने एकदाच तिकडे पाहिले.

गळाभेट झाली. पहिला मान मुलाकडचा. काकासाहेबांनी रामकिसनच्या कंबरेभोवती हात घातले, श्वास भरला आणि... काहीच झाले नाही. त्यांचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला. रामकिसनच्या कानाशी त्यांचा श्वास चिरल्यासारखा येत होता.

याच क्षणाची तर त्याने वाट पाहिली होती. आता नुसते उभे राहिले, की काम झाले. उद्यापासून हंड्याजवळ बायका “राहू द्या” म्हणणार त्या काकासाहेबांना. पण हेच काकासाहेब उद्यापासून शारदेचे सासरेही होते. फकिरासारखा ज्याला वीस वर्षे कोणी हंडा उचलू देणार नाही, त्या माणसाच्या घरात सुनेने मान कशी वर उचलायची?

रामकिसनने पायाची बोटे रोवली, टाचा उचलल्या आणि आपणच एक उडी मारली. वीतभर तरी वर गेला असेल. “अरे, उचललं! उचललं!” म्हणून मुलाकडची मंडळी ओरडली. काकासाहेबांनी डोळे विस्फारून पाहिले. आपल्या हातांनी हे काय केले, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक नव्हते.

आता पाळी रामकिसनची होती. त्याने गुडघे वाकवले, पोते धरावे तसे व्याह्यांना छातीशी घट्ट धरले आणि सावकाश सरळ झाला. काकासाहेबांचे बूट जमिनीपासून सुटले. मांडवात टाळ्यांचा गजर झाला. रामकिसन त्यांना खाली ठेवणार, तोच कानाशी एक कुजबुज आली.

“ठेवू नका.”

“काय?”

“खाली ठेवू नका, व्याही. लोंबू द्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा कळ थांबली बघा! असंच धरा. आहाहा!”

“आवो, पण माझे पाय थरथरायलेत!”

“थोडं अजून. लग्नाची शपथ तुम्हाला.”

लोक टाळ्या वाजवत होते. व्याह्यांचे असे प्रेम कोणी पाहिले नव्हते; एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. काकासाहेब मात्र डोळे मिटून, तोंडावर परम समाधान घेऊन लोंबत होते. “मी एकदा बी केली नाय हो कसरत,” ते तशाच अवस्थेत पुटपुटले.

“ठावं हाय मला.”

“अन् मघाशी उडी तुम्ही मारली.”

“ते बी ठावं हाय.”

“आवो, ठेवा की आता!” द्वारकाबाई ओरडली. “मुहूर्त टळायलाय!”

रामकिसनने त्यांना हलकेच टेकवले. काकासाहेबांनी कंबर इकडे हलवली, तिकडे हलवली आणि भर मांडवात खणखणीत आवाजात जाहीर केले, “कमाल हाय! व्याह्यांनी उचललं अन् कंबर मोकळी झाली!”

ते ऐकताच बँडमधला मोठा ढोलवाला कडूबा पुढे आला. त्याने गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला. त्याच्या मागे मुलाकडचे दोन मामा आणि त्यांच्या मागे, काठी टेकत, आणखी कोणकोण उभे राहिले.

“मला बी एकदा उचला जी,” कडूबा हात वर करून म्हणाला. “एकदा उचललं, का किती महिने पुरतंय?”